हात उलटा करा

काशीद सर माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघायचे, आधी हातांकडे. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या बॅक ऑफिसात माझा पहिला दिवस होता. पासपोर्ट आणि एम्प्लॉयमेंट पासची कागदपत्रं घेऊन मी त्यांच्यासमोर बसले होते. त्यांनी कागद वाचले, सही कुठे करायची ते दाखवलं, आणि मी सही करत असताना त्यांची नजर माझ्या बोटांवर थांबली. सही संपली तरी तिथेच होती. मला वाटलं, अंगठी शोधतायत, लग्न झालंय की नाही याचा अंदाज घेतायत. पुण्यात अशा नजरांची सवय झालेली असते. मी हात टेबलाखाली घेतले.

तेव्हा त्यांचं वय पंचावन्नच्या पुढे असेल. उंची बेताची, अंगात अर्ध्या बाह्यांचा फिकट शर्ट, केस इतके नीट कापलेले की मानेवरची रेघ पट्टीने आखल्यासारखी वाटे. सिंगापुरात येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. ऑफिसात शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सगळे त्यांना माधव म्हणत. मला ते जमेना. मी सर म्हणायचे, आणि तेही मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करायचे. आम्ही दोघंही सेंगकांगला राहत होतो, त्यामुळे संध्याकाळी बऱ्याचदा एकाच गाडीत असायचो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ते फारसं बोलत नसत. समोरच्या दांड्याला धरलेल्या हातांची रांग बघत उभे राहत.

दोन महिने झाल्यावर एकदा पँट्रीत त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, मी डॉक्टर नाही, हे आधी ऐकून घे. मग पाण्याच्या बाटलीचं झाकण घेतलं, त्यात बोट बुडवून माझ्या अंगठ्याच्या नखावर एक थेंब सोडला. थेंब तसाच बसून राहिला. तसाच थेंब त्यांनी स्वतःच्या नखावर सोडला, तो लगेच घरंगळून गेला. माझं नख मध्ये खोलगट झालं होतं, उथळ चमच्यासारखं, आणि रंगाने कागदासारखं. तीस वर्षं ते माझ्याच हाताला होतं आणि मी त्याच्यावर रंग लावण्यापलीकडे त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"जेवणावर चहा घेतेस?"

"लगेच."

"मग एकदा रक्त तपासून घे. काहीतरी आहे, एवढंच नख सांगतं. काय आहे ते रक्त सांगतं."

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. त्यांनी कधी कुणाला आजाराचं नाव सांगितलं नाही. हिमोग्लोबिन किती असेल याचा अंदाजसुद्धा ते करत नसत. क्लिनिकमधल्या डॉक्टरबाईंनी माझा रिपोर्ट वाचून पहिल्यांदा विचारलं, जिने चढताना दम लागत नाही का. लागत होता. मी तो इथल्या दमट हवेच्या नावावर टाकला होता. पाळी जास्त जाते का, जेवणात काय असतं, असंही त्यांनी विचारलं, आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. काशीद सरांनी त्यात एवढीच भर घातली की चहा जेवणापासून तासभर लांब ठेव आणि डाळीवर लिंबू पिळ. त्यांच्या स्वतःच्या डब्यात मटकीची उसळ असो की पालक, कोपऱ्यात लिंबाची फोड असायचीच. हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांवर, फिश सूप घेतलं तरी ते आधी लिंबू मागत.

मी लगेच दुसऱ्या आठवड्यापासून नखं बघायला लागले. ते हसले. म्हणाले, नखाला घाई नसते. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सहा महिने लागतात. तुझ्या बोटावर आत्ता आहे ते मागच्या पावसाळ्यातलं आहे. आणि खरंच, जुनं नख कापत कापत निघून जायला अर्धं वर्ष गेलं. एक दिवस मीच थेंब टाकून बघितला. तो घरंगळला. मी हे त्यांना सांगायला गेले तर त्यांनी मान डोलावली आणि महिनाअखेरीचा अहवाल कुठवर आला ते विचारलं.

ऑफिसात त्यांची अशी ख्याती झाली होती आणि तिचा त्यांना थोडा त्रासच होता. लोक त्यांच्यापुढे तळहात पसरत, भविष्य विचारल्यासारखे. ते शांतपणे म्हणत, "हात उलटा करा." मराठी माणूस असो की चिनी, वाक्य हेच, फक्त भाषा बदलायची. पुढे बहुतेकांना मिळणारं उत्तर निराश करणारं असे. उभ्या बारीक रेघा आहेत? वयाच्या आहेत, केस पिकतात तशा. पांढरे ठिपके आहेत? नखाच्या मुळाशी कधीतरी ठेच लागली असेल. कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या का, असं विचारलं तर म्हणत, घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून घ्या, पण ठिपक्यांसाठी नको. आमच्या टीममधली मेलिसा दर महिन्याला नखांना जेलचा रंग लावून घ्यायची आणि नखं सोलवटली म्हणून केसांच्या-नखांच्या गोड गोळ्या खायची. तिला त्यांनी सांगितलं की जेल खरवडून काढताना नखाचे पापुद्रे जातात, दोन महिने बोटांना मोकळं सोड आणि त्या गोळ्यांऐवजी दोन अंडी खा. मेलिसाने अंडी खाल्ली. जेल सोडलं नाही.

पांढऱ्या ठिपक्यांची एक गोष्ट मात्र त्यांना आवडायची. माझी मुलगी सई पाच वर्षांची असताना आम्ही एकदा सेंगकांगच्या कालव्याकाठी फिरत होतो आणि ते भेटले. पाण्यावरून बगळ्यांची ओळ चालली होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासली आणि आकाशाकडे बघून मोठ्यांदा म्हणाले, "बगळ्या बगळ्या, फूल दे." सईला सांगितलं की बगळा नखावर पांढरं फूल देऊन जातो. तिने नखं घासली, वाट बघितली, मग इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "काका, बर्ड कॅनॉट गिव्ह लाह." ते म्हणाले, खरंय तुझं, पण मागायला काय हरकत आहे.

त्यांची एक चूक सगळ्या मजल्याला माहीत होती, कारण ती त्यांनीच सगळ्यांना सांगितली. हैदराबादहून आलेले रेड्डी नावाचे एक सहकारी होते, चाळिशीचे. एका सकाळी मीटिंगमध्ये काशीद सरांनी पाहिलं की रेड्डींची दहाही नखं निळसर आहेत. त्यांनी मीटिंग थांबवली, रेड्डींना धाप लागते का, छातीत काही होतं का विचारलं आणि स्वतः टॅक्सीत घालून क्लिनिकमध्ये नेलं. रेड्डींची नाडी, ऑक्सिजन, सगळं ठीक निघालं. नर्सने स्पिरिटचा बोळा फिरवला तर तो निळा झाला. रेड्डींनी आदल्या दिवशी नवी गडद जीन्स घेतली होती आणि सकाळच्या पावसात भिजून तिच्या खिशात हात घालून चालत आले होते. काशीद सर परत आले, उभं राहून सगळ्यांसमोर रेड्डींची माफी मागितली आणि म्हणाले, चूक माझी आहे, मी रंग बघितला आणि माणसाकडे बघितलं नाही. त्यानंतर कुणी नखं दाखवायला आलं की ते आधी हात धुऊन यायला सांगत.

हे सगळं ते कुठे शिकले, हे मला वर्षभर माहीत नव्हतं. मला वाटायचं, मेडिकलला जायचं राहिलं असेल. मग एका रविवारी सकाळी मी त्यांच्या ब्लॉकवरून जात असताना खालच्या मोकळ्या जागेत, ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रासमोर ते मला दिसले. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सात-आठ म्हातारी माणसं बसली होती, बहुतेक चिनी, एक मलय आजी, एक तमिळ आजोबा. प्रत्येकाच्या पायाशी कोमट पाण्याची परात. आमचे काशीद सर, ज्यांच्या सहीशिवाय ऑफिसातला एकही मोठा व्यवहार पुढे जात नसे, ठेंगण्या स्टुलावर बसून एका आजोबांच्या पायाची नखं कापत होते.

मी थांबले. ते वर न बघताच म्हणाले, टॉवेल दे. त्या दिवसापासून महिन्यातले एक-दोन रविवार मी टॉवेल द्यायला जाऊ लागले.

म्हातारपणी नखं जाड होतात, वळतात, आणि वाकता येत नाही म्हणून वाढत राहतात. एकट्या राहणाऱ्या माणसाला कुणाला सांगायची लाज वाटते. मग चालताना बोट दुखतं, चालणं कमी होतं. हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं. ते एकेक नखाला वेळ देत. प्रत्येकासाठी कटर वेगळा, उकळून पुसून ठेवलेला. मधुमेह असलेल्यांच्या पायांना ते हात लावत नसत. त्यांना केंद्रातल्या नर्सकडे पाठवत. कापताना ते बोलत, "आंटी, ईट ऑलरेडी? ईट व्हॉट?" उत्तर बहुतेक वेळा एकच असे: पेज आणि लोणचं. अंडं? महाग नाही, पण एकटीसाठी कोण करणार. मासा? काटे निघत नाहीत. काशीद सर ते ऐकून घेत आणि निघताना केंद्राच्या बाईंकडे एक कागद देत. त्यावर नावं आणि पुढे दोन-तीन शब्द असत. कुणाची नखं फिकी आहेत, कुणाची सारखी तुटतायत, कुणाच्या दातांकडे बघायला हवं. बाई त्याप्रमाणे डॉक्टरांकडे न्यायची व्यवस्था करीत. केंद्राच्या दुपारच्या जेवणात अंडं सुरू झालं ते या कागदांमुळे.

त्या पहिल्या रविवारी, हात धुताना, मी विचारलं की हे कुठून आलं. ते म्हणाले, घरून. कराडजवळ त्यांचं गाव. वडील गावचे न्हावी. दाढी आणि केस तर होतेच, पण जुन्या लोकांची नखंही न्हाव्यानेच काढायची. त्यासाठी धोकटीत एक वेगळं हत्यार असे, पटाशीसारखं छोटं, त्याला नराणी म्हणतात. वडिलांना लिहिता-वाचता बेताचंच येई, पण आठ गावांतली हातापायांची बोटं पाठ होती. कुणाच्या घरी चूल नीट पेटत नाही, कोणती सून उपाशी राहते, कुणाला पोटात जंत आहेत, हे त्यांना नखांवरून कळे. काशीद सर मुंबईला इंजिनिअर झाले आणि मग बँकांच्या सिस्टिम्स सांभाळत इथवर आले, पण सुट्टीत घरी गेले की वडिलांबरोबर फिरत. बाकीचं त्यांनी नंतर पुस्तकं वाचून पडताळून घेतलं. त्यातलं निम्मं वडिलांचं बरोबर निघालं, निम्मं चूक. "चूक ते मी सोडून दिलं," असं ते म्हणाले.

इथल्या मराठी मंडळींत काशीद म्हणजे नेमके कुठले, असा प्रश्न आडून आडून विचारला जायचा. गाव सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा. त्यांनी कधी लपवलं नाही, पण आपण होऊन सांगायचेही नाहीत.

गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी बुकित तिमाहला सरदेसाईंच्या घरी जेवण होतं. सरदेसाई एका मोठ्या बँकेतून निवृत्त झालेले, इथले नागरिक, आमच्या सगळ्यांत वयाने आणि मानाने वडील. दोन मजली घर, मागे बाग. वीसेक माणसं होती. जेवणाआधी कुणीतरी काशीद सरांच्या नखांचा विषय काढला आणि टेबलाभोवती हात पसरले गेले. सर म्हणत होते, उलटा करा, उलटा करा. सरदेसाई वहिनींनीही हात पुढे केला. त्यांची बोटं सरांनी धरली होती तेवढ्यात एका पाहुण्याने विचारलं, हे आयुर्वेदातलं आहे का, कुठे शिकलात?

"घरीच. माझे वडील न्हावी होते."

वहिनी म्हणाल्या, पुऱ्या बघून येते, आणि हात काढून घेऊन आत गेल्या. पुऱ्या केटररच्या होत्या. सरदेसाईंच्या लक्षात आलं असावं. ते मोठ्याने हसत पुढे झाले आणि, चला, आमचंही काय ते सांगून टाका, म्हणत त्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. काशीद सरांनी बघितलं. अंगठ्यापाशी ते थांबले, जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, छान आहे, आणि जेवण सुरू झालं.

निघताना मी त्यांच्याबरोबर होते. फाटकापाशी, बाकीचे पुढे गेल्यावर, त्यांनी सरदेसाईंना विचारलं की अंगठ्याच्या नखावरची काळी रेघ कधीपासून आहे. सरदेसाई म्हणाले, गोल्फ खेळताना लागलं होतं. सर म्हणाले, मार लागून रक्त साकळलं असेल तर डाग नखाबरोबर पुढे सरकतो. ही रेघ मुळापासून निघते, मुळाशी रुंद आहे आणि बाजूच्या कातडीवर उतरली आहे. आपल्या रंगाच्या माणसांना अशा रेघा असतात, बहुतेक वेळा त्यात काही नसतं, पण तुमच्या एकाच बोटावर आहे. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, या आठवड्यात दाखवा. सरदेसाई बघू म्हणाले आणि फाटक लावून घेतलं.

आठ दिवसांनी सरांनी फोन केला. उत्तर तेच, बघू. मग मेसेज पाठवला, त्याला उत्तर आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ते न कळवता त्यांच्या घरी गेले. सिंगापुरात न कळवता कुणी कुणाकडे जात नाही. सोमवारी एमआरटीत मी विचारलं, तेव्हा त्यांनी काय झालं ते हवामान सांगावं तसं सांगितलं. सरदेसाईंनी दारातच उभं करून म्हटलं होतं, "काशीद, तुमचा धंदा वाडवडिलांचा असेल. पण तो करायला तुम्हाला आमच्या घरी कुणी बोलावलेलं नाही."

मला संताप आला. मी म्हणाले, आता मरू दे त्यांना, तुमचं काम तुम्ही केलंत. तानाह मेराह स्टेशन आलं, गाडी बदलायची होती, ती बदलली. पुढच्या गाडीत बसायला जागा मिळाली तेव्हा त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली.

गावात एक शाळामास्तर होते. वडिलांचं त्यांच्यावर फार प्रेम, कारण मास्तरांनीच मुलाला शिकवायचा आग्रह धरला होता. मास्तरांच्या पायाच्या अंगठ्यावर अशीच रेघ आली. वडील दर पंधरवड्याला ती नखं काढत. रेघ वाढताना त्यांनी दोन वर्षं बघितली. पण न्हाव्याने मान खाली घालून काम करायचं, मास्तरांना काय सांगायचं, आणि आपण अडाणी. मग नख फुटलं, पायाला जखम झाली, आणि साताऱ्याच्या डॉक्टरांनी फार उशीर झाला म्हणून सांगितलं. मास्तर गेले. काशीद सर तेव्हा नोकरीला लागले होते, सुट्टीवर आले होते. तेराव्याला वडील त्यांना म्हणाले, "पाय माझ्या हातात होता आणि मी बोललो नाही." पुढे आठ वर्षं जगले, पण नराणी त्यांनी परत हातात घेतली नाही.

"तर माझं काम झालेलं नाही," ते म्हणाले. मग मला सांगितलं की तू सरदेसाई वहिनींना फोन कर. माझा आवाज ऐकला तर त्या फोन ठेवतील, म्हणाले.

मी त्या रात्रीच्या स्वयंपाकाआधी फोन केला. सरांनी सांगितलं होतं ते जसंच्या तसं बोलले. वहिनींनी एकच गोष्ट विचारली: कातडीवर म्हणजे नक्की कुठे. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा पेपर वाचत असताना त्यांनी त्याचा अंगठा नीट बघितला. मग जुने फोटो काढले. आदल्या दिवाळीच्या एका फोटोत सरदेसाईंच्या हातात फराळाची ताटली होती आणि अंगठा वर आला होता. फोटो मोठा करून बघितला तर रेघ पेन्सिलीच्या रेघेएवढी होती. आता ती काडेपेटीतल्या काडीएवढी झाली होती. त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली आणि नवऱ्याला सांगितलं की तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाऊन हे दोन फोटो दाखवून येते. सरदेसाई गेले.

नखाखालचा तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला. वेळेत सापडला होता, पसरला नव्हता. अंगठ्याचं वरचं पेर काढावं लागलं. हे मला वहिनींनीच फोन करून सांगितलं. काशीद सरांना सांगाल का, असं म्हणाल्या. मी म्हणाले, तुम्हीच सांगा. त्यांनी सांगितलं का, ते मला माहीत नाही. मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पसरला नाही ना, असं दोनदा विचारलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते ऑफिसातून वेळेआधी घरी गेले.

चार-पाच महिने काहीच झालं नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दोघं समोरासमोर आले तर मानेनेच नमस्कार व्हायचा. सरदेसाई उजवा हात खिशात ठेवत. मला ती शांतता कृतघ्नपणाची वाटायची आणि मी तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, अंगठा गेलाय त्यांचा, तू त्यांना घाई करू नकोस.

मग एका रविवारी सकाळी सरदेसाई केंद्रासमोर येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. बुकित तिमाहहून सेंगकांगला ते बहुधा पहिल्यांदाच आले असावेत. सर एका चिनी आजींच्या हातावर वाकलेले होते. सरदेसाई जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, डाव्या हाताची नखं मला कापता येत नाहीत. कटर दाबायला अंगठा लागतो. वहिनी कापून देऊ शकल्या असत्या, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"बसा," सर म्हणाले. "तुमच्या आधी चार जण आहेत."

सरदेसाई बसले. एका बाजूला मलय आजी, दुसऱ्या बाजूला पाय परातीत सोडून डुलक्या घेणारे एक चिनी आजोबा. मी त्यांच्यापुढे कोमट पाण्याचं भांडं ठेवलं, त्यात त्यांनी डावा हात बुडवला. पाऊण तास ते तसेच बसून होते. त्यांची पाळी आली तेव्हा सर स्टूल ओढून समोर बसले आणि हात टॉवेलवर घेतला. सरदेसाई म्हणाले, "काशीद, मी त्या दिवशी दारात जे बोललो..."

"हात सैल सोडा," सर म्हणाले. "ताठ धरला की कापताना लागतं."

एवढंच. पाच नखं कापून झाली, कानशीने घासली, पुसली. सरदेसाई उठले आणि दोन्ही हात जोडले. उजवा हात त्यांनी आमच्यासमोर खिशाबाहेर काढला तो तेव्हाच. पुढे ते दर महिन्याला येऊ लागले आणि दर वेळी रांगेत बसले.

मला हे सगळं गोड वाटलं नव्हतं. परतताना मी सरांना म्हणाले की शेवटी तुम्ही त्यांची नखंच कापलीत. ते चिडले नाहीत. म्हणाले, माझे वडील अशा लोकांच्या अंगणात जाऊन, जमिनीवर बसून कापायचे, आणि घरातून पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत. हे माझ्याकडे आले, चार माणसांच्या मागे बसून राहिले. तुला फरक लहान वाटतो, मला वाटत नाही.

काशीद सर निवृत्त झाले आणि पत्नी सुनंदावहिनींसह कराडला परत जायचं ठरलं. वहिनींचे गुडघे, गावाकडचं बांधून झालेलं घर, थोरल्या भावाचं आजारपण, अशी कारणं होती. ऑफिसने केक कापला. मराठी मंडळाने शाल दिली, ती सरदेसाईंनी घातली.

केंद्रावरचा त्यांचा शेवटचा रविवार होता. पंधराएक जण आले होते. काहींची नखं तर आठवड्यापूर्वीच कापलेली होती. दुपारपर्यंत सगळ्यांचं आटोपलं. मी टॉवेल गोळा करत होते. लिम आंटी म्हणून एक होत्या, नव्वदीच्या जवळ आलेल्या, जन्मभर शिवणकाम केलेल्या. दोन वर्षं त्या येत होत्या आणि त्यांच्या तोंडून मी चार शब्द ऐकले नव्हते. सगळे गेले तरी त्या बसून राहिल्या. सर सामान आवरायला लागले, तेव्हा त्या उठल्या, ताटलीतला एक स्वच्छ कटर उचलला आणि आपली खुर्ची रिकामी करून त्यांना खूण केली. सर हसून नको म्हणाले. आंटींनी पुन्हा खुर्चीकडे बोट दाखवलं.

ते बसले. आंटी स्टुलावर बसल्या, सरांचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि करंगळीपासून सुरुवात केली. एकेक नख कापून झालं की त्या बोटाने कड चाचपून बघत, सुईकाम तपासावं तशा. अंगठ्यापाशी म्हणाल्या, "व्हेरी हार्ड, आह." सरांनी मान हलवली. ते दुसरीकडे बघत होते, वरच्या मजल्यांवर बांबूंना वाळत घातलेल्या कपड्यांकडे.

मी टॉवेलांची पिशवी उचलली आणि निघाले. खांबाआड वळताना मागे बघितलं. आंटींनी सरांचा डावा हात खाली ठेवला होता आणि आपला तळहात पुढे केला होता. काशीद सरांनी उजवा हात त्यांच्या हातात दिला.